मापांचा कागद मागा

महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. पण शिधा-शेगडी गाडीत घालून देवदर्शनाला निघायची आपल्या बीदर जिल्ह्यातल्या हुमनाबाद-बसवकल्याण पट्ट्यातली रीत त्याहून फार जुनी. आठ-दहा वर्षं भाड्यावर पळालेली टेम्पो ट्रॅव्हलर घ्यायची, मागची बाकं उतरवून गादी टाकायची, पाण्याचा ड्रम बांधायचा आणि माणिकनगरला माथा टेकून गाणगापूर, अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर अशी फेरी करायची. गाडीचा सांगाडा धड असतो, टायर बरे असतात, पण इंजिन ऑइल खाऊ लागतं, सकाळी चालू व्हायला कुरकुरतं, चढाला काळा धूर सोडतं. ऑइल टाकायचं झाकण उघडलं की आतून भकाभका वाफ येते. मिस्त्री म्हणतात, बॅक कॉम्प्रेशन आलं, इंजिन बदला. मग सोलापूरला, लातूरला नाहीतर हैदराबादला तयार रिबिल्ट इंजिनची चौकशी सुरू होते. त्या वेळी पहिला प्रश्न कोणता विचारायचा, एवढ्याच मुद्द्यावर आज बोलणार आहे. लोक आधी विचारतात, केवढ्याला देणार? माझं सांगणं असं की किमतीआधी मापं विचारा. सिलिंडरचा बोअर किती, क्रँक कितव्या मापावर घासलेला, हे लिहिलेला कागद मागा.

असं का, ते जात्यावरून समजेल. जातं गुळगुळीत झालं की त्याला टाकी लावून घेतात. टाकी लावणारा छिन्नीने दगडाला नवे टवके पाडतो, जातं पुन्हा झकास दळू लागतं. पण प्रत्येक टाकीला दगड थोडा झिजतो, आणि गेलेला दगड परत येत नाही. जुनं जातं विकत घेताना जाणती बाई नुकत्याच टाकी लावलेल्या तोंडाकडे बघत नाही, पाळीची जाडी बोटांनी चाचपते. जाडी उरली असेल तर अजून कित्येक टाक्या निघतील. पाळी पातळ झाली असेल तर आज पीठ बारीक पडेल, पण पुढची टाकी तिला सोसणार नाही. इंजिनचंही हुबेहूब असंच आहे. बोअर करणं म्हणजे टाकी लावणं. झिजलेला सिलिंडर लेथवाला थोडा मोठा करतो आणि त्यात ओव्हरसाइझ पिस्टन बसवतो. क्रँक घासून बारीक करतात आणि त्याला अंडरसाइझ बेरिंग घालतात. हे काम पाव-पाव मिलिमीटरच्या पायऱ्यांनी चालतं. शेवटच्या पायरीवर आलेलं इंजिन आणि पहिल्या पायरीवरचं इंजिन बाहेरून एकसारखंच दिसतं. दोघांनाही चांदीसारखा रंग, दोघांनाही नवी गॅस्केटं. पाळीची जाडी रंगाच्या आत दिसत नाही, म्हणून ती कागदावर मागायची.

अनेक जुन्या ट्रॅव्हलरमध्ये मर्सिडीजच्या ओएम ६१६ घराण्याचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन आहे. बजाज टेम्पोने, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सने, ते आपल्याकडे रुजवलं. त्याची क्षमता २३९९ सीसी. मूळ बोअर ९०.९ मिलिमीटर, स्ट्रोक ९२.४. हा ९०.९ आकडा मनात ठेवा. विकणारा म्हणाला, स्टँडर्ड बोअर आहे, तर कागदावर ९०.९ च्या जवळचा आकडा यायला हवा. चारही सिलिंडरचा, आणि प्रत्येकाचा वर, मधे आणि खाली असा तीन ठिकाणी घेतलेला. वर जास्त आणि खाली कमी असं निघालं तर सिलिंडर निमुळता झालाय, त्यात फक्त नवी रिंग टाकून भागवलंय, असं समजा. डिझेल इंजिन स्पार्कवर चालत नाही, दाबलेल्या हवेच्या उष्णतेवर चालतं. या इंजिनात हवा एकवीस पट दाबली जाते. रिंगेच्या बाजूने दाब निसटला की डिझेल पेटायचंच नाही. त्यासाठी दुसरी परीक्षा आहे. हीटर प्लग काढून त्या भोकात गेज लावायचा आणि इंजिन स्टार्टरवर फिरवायचं. हे इंजिन चांगलं असताना २४ ते ३० बार दाखवतं. १५ बार ही खालची हद्द. सिलिंडरा-सिलिंडरांतला फरक ३ बारच्या वर नसावा. चारही सिलिंडरचे हे दाबाचे आकडे त्याच कागदाच्या मागच्या बाजूला लिहून घ्या.

यावर कोणी म्हणेल, मिस्त्री विश्वासाचा आहे, त्याचा शब्द पुरे. मिस्त्रीवर माझाही विश्वास आहे. पण बाहेरगावाहून आलेलं तयार इंजिन त्याने उघडून कुठे पाहिलंय? त्याला सांगितलं गेलं तेच तो तुम्हाला सांगतो. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. जत्रा तोंडावर आली, तयार इंजिन दोन दिवसांत बसतं आणि आपलंच इंजिन बांधायला आठवडे लागतात. बरोबर आहे. मात्र एक तोलून बघा. आपल्या इंजिनला किती टाक्या लागल्या ते आपल्याला ठाऊक असतं. ते बदली देऊन त्याच्या जागी जे घेतो त्याचा इतिहास कोरा असतो. आपला ब्लॉक फुटलेला नसेल, हेड वाकलेलं नसेल, क्रँक पहिल्या-दुसऱ्या मापात असेल, तर थोडं थांबून आपलंच बांधून घ्या, असं माझं ठाम मत आहे. ब्लॉकच गेला असेल तर तयार घ्या, पण कागदासकट. तिसरे म्हणतात, जुन्या गाडीवर एवढा खर्च कशाला? चॅसी गंजून गेली असेल तर खरंच करू नका. चॅसी शाबूत असेल तर विचार जरूर करा.

आणखी एक गोष्ट घाईत सांगतो. जुनं इंजिन कशाने गेलं ते शोधल्याशिवाय नवं बसवू नका. आपल्या भागातल्या चाळीस अंशांच्या उन्हात अर्धा चोंदलेला रेडिएटर रिबिल्ट इंजिन पहिल्याच फेरीत जाम करून टाकतो. रेडिएटर खोलून साफ करा, वॉटर पंप बदला.

कागद म्हटलं की बिलही आलं. इंजिन कुठून आलं, त्यावर ठोकलेला नंबर काय, हे बिलावर असलंच पाहिजे. नंबर घासलेला किंवा नव्याने ठोकल्यासारखा दिसला तर इंजिन किती का स्वस्त मिळेना, हात लावू नका. ते चोरीचं निघालं तर गाडीही जाईल. इंजिन बदलण्याआधी आपल्या आरटीओची परवानगी घ्या. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे बदल झाल्यापासून १४ दिवसांत तो कळवून आरसीवर नवा इंजिन नंबर चढवून घ्यावा लागतो. तेव्हा बिल आणि मापांचा कागद एकाच पिशवीत ठेवा आणि ती पिशवी गाडीतच असू द्या.