राजाच्या लेकींचें माहेर

कुळाचा इतिहास लिहावयास बसलेल्या मनुष्यास पुरुषांचीं नांवें सहसा सांपडतात. काम अडतें तें स्त्रियांपाशीं. बापाखालीं मुलगा, मुलाखालीं नातू, असा एकच दोर वंशावळींत ओढलेला असतो आणि सुनेचें माहेर दोन पिढ्यांनंतर घरांतल्यांनाहि आठवत नाहीं. मग जी मुलगी समुद्र ओलांडून परखंडांत गेली व बहुधा परत आलीच नाहीं, तिच्या माहेराचा पत्ता तीनशें वर्षांनंतर लागावा कसा? कॅनडांतील फ्रेंच कुटुंबांनीं तो पुष्कळ अंशीं लावला आहे.

सतराव्या शतकांत सेंट लॉरेन्स नदीच्या कांठीं फ्रान्सची वसाहत होती. तिला नवा फ्रान्स म्हणत. १६६६ सालच्या खानेसुमारींत तेथें ३,२१५ वसाहतवाले भरले. त्यांत पुरुष २,०३४ व स्त्रिया अवघ्या १,१८१. गृहिणीवांचून वस्ती टिकत नाहीं, हें चौदाव्या लुईच्या दरबारानें ओळखलें होतें. म्हणून १६६३ पासून १६७३ पर्यंत सुमारें ७७० स्त्रिया राजाच्या आश्रयानें तिकडे धाडण्यांत आल्या. त्यांना 'राजाच्या लेकी' हें नांव पडलें. परंतु राजघराण्याशीं त्यांचें नातें नव्हतें. कित्येकजणी पॅरिसच्या साल्पेत्रिएर या निराधारांच्या आश्रमांतून आल्या होत्या आणि अनेकींचें पितृछत्र आधींच हरपलें होतें.

त्यांचा माग राहिला तो दोन रिवाजांमुळें. विवाहाची नोंद करतांना पाद्री वधूवरांच्या आईबापांचीं नांवें व मूळ गांव लिहून ठेवी. शिवाय लग्नानंतरहि कागदोपत्रीं स्त्रीचें माहेरचेंच आडनांव चाले. म्हणून आजची नात आईच्या लग्नाच्या नोंदींत आजीचें नांव वाचते, आजीच्या नोंदींत पणजीचें. आणि अशी पायरी पायरी चढत ती गलबतांतून उतरलेल्या मुलीपर्यंत पोंचते. या कामीं आबे तांगे यांचा १८७१ ते १८९० या काळांत निघालेला सात खंडांचा वंशकोश आणि माँट्रियल विद्यापीठानें १९६६ सालीं आरंभिलेलें नोंदींचें संकलन यांचें मोठें साह्य होतें.

खरी अडचण पुढें, फ्रान्समध्यें, येते. पाद्री कानावर पडेल तसें नांव लिही; त्यामुळें एकाच बाईचें आडनांव चार ठिकाणीं चार तऱ्हांनीं आढळतें. त्यांत पॅरिस शहराचीं जुनीं जन्मविवाहाचीं पुस्तकें मे १८७१ मध्यें, कम्यूनच्या बंडाळींतील आगींत, भस्मसात् झालीं. तेथें बारसें झालेल्या मुलीचा धागा बहुधा तुटतो. नोटरीच्या दप्तरांत एखादा करार वा वांटणीपत्र मिळालें, तरच तो पुन्हा जुळतो.

कातरीन द बायों हिचा धागा असाच चिकाटीनें जुळविला गेला. ती १६६९ सालीं क्वेबेक येथें जाक मिव्हिल ऊर्फ देशेन याच्याशीं विवाहबद्ध झाली. १६८८ च्या जानेवारींत पतिपत्नी दोघेंहि वारलीं. अल्फाँस द बायों व लुईझ द मार्ल हीं तिचीं आईबापें. या नांवांवरून मागें जात चार संशोधकांनीं १९९७ सालीं तिचा वंश शार्लमेन बादशहापर्यंत नेऊन भिडविला. मिव्हिल व देशेन या आडनांवांचीं कुटुंबें कॅनडांत आजहि नांदत आहेत.

बादशहा पूर्वज निघाला म्हणजे कोणासहि आनंद होणारच. परंतु पुष्कळ मुलींपाशीं असा पूर्वज नव्हता. कित्येकींना सहीहि करतां येत नव्हती. परमुलखांत, परक्या पाद्र्यापुढें, त्यांनीं आपल्या आईबापांचीं नांवें तोंडानें सांगितलीं, एवढेंच. तेवढ्या एका ओळीनें त्यांचें माहेर बुडूं दिलें नाहीं. ज्या घरांत अद्यापि आजी बसलेली आहे, तेथें तिच्या आईचें माहेरचें नांव आजच विचारून लिहून ठेवावें. उद्यां तें सांगणारें कोणी उरणार नाहीं.