नऊ महिन्यांपूर्वीची ती रात्र



9 नोव्हेंबर 1965 ची संध्याकाळ. न्यूयॉर्कमधली ऑफिसं सुटत होती, तेवढ्यात दिवे गेले. नायगराजवळच्या वीजकेंद्रातल्या एका रिलेमुळे, म्हणजे आपोआप चालणाऱ्या स्विचमुळे, अमेरिका आणि कॅनडातली सुमारे 3 कोटी माणसं अंधारात सापडली. काही भागांत वीज आली ती पहाटेच. पुढच्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं बातमी छापली: माउंट सायनाय रुग्णालयात रोज सरासरी 11 बाळं जन्मतात, सोमवारी 28 जन्मली. झालं! लोकांनी बोटांवर नऊ महिने मोजले आणि अंधाराची कहाणी जगभर गेली.

रिचर्ड उड्री या लोकसंख्याशास्त्रज्ञानं शहराच्या जन्मनोंदीच तपासल्या. त्या रात्री गर्भ राहिलेली बहुतेक बाळं 27 जून ते 14 ऑगस्टच्या दरम्यान जन्मायला हवीत. त्या सात आठवड्यांत वर्षातले साधारण 14 टक्के जन्म झाले होते. आधीच्या पाच वर्षांतही तेवढेच! एका रुग्णालयाचा एक दिवस अख्ख्या शहराच्या नावावर चढला होता.

याहून जुनी गोष्ट पहाटेच्या रेल्वेची. गाडी शिट्टी देत जाते, गावाला जाग येते. उठायची वेळ झालेली नसते आणि पुन्हा झोप लागत नाही, म्हणून त्या गावात मुलं फार. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, अमेरिका, सगळीकडे ही गोष्ट आपल्याच गावची म्हणून सांगतात.

मला या गोष्टींत एक माणूस दिसतच नाही: बाई. मूल कधी हवं, किती हवीत, हे जणू गाडी ठरवते नाहीतर अंधार. आपल्याकडेही 2009 मध्ये तेव्हाचे आरोग्यमंत्री गुलाम नबी आझाद म्हणाले होते की खेड्यात वीज पोहोचली, लोक रात्री उशिरापर्यंत टीव्ही पाहू लागले, की लोकसंख्येला आळा बसेल.

वीज खेड्यात पोहोचायलाच हवी, पण तिच्या स्वतःच्या गुणांसाठी. महाराष्ट्रात 1992-93 च्या पाहणीत बाईमागे सरासरी 2.9 मुलं होती, 2019-21 मध्ये 1.7. मुली शिकल्या, लग्नं थोडी उशिरा होऊ लागली, जन्मलेलं मूल जगेल असा भरवसा आला. आणि नसबंदीचं ऑपरेशन. 2019-21 च्याच पाहणीत पन्नाशीच्या आतल्या विवाहित बायकांपैकी जवळपास निम्म्यांचं ऑपरेशन झालेलं होतं. नवऱ्याचं झालंय असं सांगणाऱ्या बायका शंभरात एकसुद्धा नव्हत्या.