पुढाऱ्याची मूल्ये कुठे दिसतात?
(कार्यकर्ता शिबिरातील भाषण)



या शिबिरात भरती, पेन्शन, खासगीकरण या प्रश्नांवर भरपूर बोलणे झाले. संघटनेच्या पुढाऱ्याने कोणती मूल्ये पाळावीत, हा आमचा विषय आहे. असा विषय निघाला की सभेत चुळबूळ सुरू होते, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून उपदेश बाजूला ठेवून एका माणसाचे काम तुमच्यापुढे मांडतो.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणीत स्टोअरकीपर होण्यापूर्वी काही काळ रेल्वेत आणि टपाल खात्यातही नोकरी केली होती. म्हणजे ते आपल्याच घरचे. सत्यशोधक समाजाचे ते कार्यकर्ते होते आणि 'दीनबंधु'चे संपादक होते. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. त्या वेळच्या निवेदनावर सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्या झाल्या. मागण्या पाच होत्या: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत पगार, आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार व कायमचा अपंग झाल्यास पोटाची सोय.

ही शेवटची मागणी नीट पाहा. जखमी माणूस सभेला येत नाही, घोषणा देत नाही. तरीही त्याचे नाव मागणीपत्रात आले. एप्रिल १८९० च्या सभेला दहा हजार कामगार जमले, तेव्हा दोन कामगार स्त्रिया व्यासपीठावरून बोलल्या. १० जून १८९० रोजी मालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. १८९३ च्या दंगलीनंतर लोखंडे हिंदू-मुसलमानांत सलोखा व्हावा म्हणून झटले, आणि १८९७ मध्ये प्लेगच्या साथीत गेले.

त्यांच्या संघटनेला ना रीतसर घटना होती, ना वर्गणी, ना सभासदांची यादी. आपल्याजवळ हे सगळे आहे. मान्यता आहे, कार्यालय आहे, पावती पुस्तके आहेत. मग आपल्या सभेला माणसे का कमी येतात?

आमचाच एक अनुभव सांगतो. आम्ही एका शाखेचे काम पाहत असताना क्वार्टरच्या यादीत आमच्या एका पदाधिकाऱ्याचे नाव पाळी सोडून वर गेले. एवढ्याने काय होते, असे म्हणून आम्ही गप्प बसलो. पुढच्या गेट मीटिंगला गँगमन मंडळी फिरकली नाहीत. वर्गणीला गेलो तेव्हा त्यांच्यातले एक वयस्क गृहस्थ म्हणाले, "पावती फाडा साहेब, पण युनियन आपली आहे असं म्हणू नका." आजवर ते आम्हाला भाऊ म्हणत होते. त्या दिवशी साहेब म्हणाले. त्या एका क्वार्टरची किंमत आम्हाला तिथे कळली. त्यानंतर चूक भर सभेत कबूल केली, यादी पुन्हा पाळीप्रमाणे लावून घेतली, तरी तुटलेली माणसे परत यायला दोन वर्षे लागली.

तेव्हा मूल्ये जाहीरनाम्यात शोधू नका. बदलीच्या यादीत, क्वार्टरच्या पाळीत आणि खजिनदाराच्या वहीत शोधा. आपल्याला तीन गोष्टी लगेच करता येतील. दर महिन्याचा जमाखर्च सभेत वाचून दाखवावा. पदावर असेपर्यंत स्वतःचे किंवा घरच्यांचे काम साहेबांकडे नेऊ नये. आणि जो आपला सभासदही नाही असा कंत्राटी सफाई कामगार, किंवा खेड्यातला ग्रामीण डाक सेवक, याची मागणी मागणीपत्राच्या शेवटच्या ओळीत न ढकलता वर घ्यावी.

खाजगीकरणाविरुद्ध लढायचे तर माणसे लागतील. पुढाऱ्याने स्वतःसाठी काही घेतले नाही अशी खात्री असेल तरच माणसे एका दिवसाचा पगार सोडून बाहेर येतात. ती खात्री आधी कमवावी लागते, संपाची नोटीस दिल्यावर ती मिळत नाही.

कामगार एकजुटीचा विजय असो!