तीच गोळी, तीच रांग

(बंगळूरच्या शिवाजीनगरात मराठी रेल्वे व टपाल कामगारांपुढे केलेले भाषण)



वेतन, बढती, रिक्त जागा यांवर आपण नेहमी बोलतो. आज आम्ही एका लहान वाटणाऱ्या प्रश्नावर बोलणार आहोत. तो म्हणजे रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या नेहमीच्या गोळ्या.

आजार तोच, गोळी तीच. तरी दर महिन्याला चिठ्ठी नवी. आधी डॉक्टरांच्या दारात रांग, मग औषधाच्या खिडकीवर रांग. गोळी शिल्लक नसली तर इंडेंट, म्हणजे पुन्हा फेरी. नोकरीत असलेल्याची किरकोळ रजा जाते, निवृत्ताचा सबंध दिवस जातो.

आमचे एक जुने ट्रॅकमन सहकारी शहराबाहेर खेड्यात राहतात. पहाटेची बस धरून ते इथे शिवाजीनगरच्या स्टँडवर उतरायचे आणि पुढे दवाखाना गाठायचे. गुडघे थकले तशी त्यांनी फेरी वाचवायची युक्ती काढली. गोळी एक दिवसाआड घ्यायची! महिन्याच्या गोळ्या दोन महिने पुरू लागल्या. कोणाला सांगितले नाही. एके सकाळी अंगणात चक्कर येऊन पडले, तेव्हा आम्हाला कळले. आयुष्यभर रूळ राखणाऱ्या माणसावर ही पाळी का यावी?

कायदा आड येतो, असे आपल्याला सांगितले जाते. बंधूंनो, १९४५ च्या औषध नियमांतला नियम ६५ पाहा. एका चिठ्ठीवर औषध एकदाच द्यावे, हे खरे. पण पुन्हा द्यावे असे डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिले असेल, तर तितक्या वेळा आणि तितक्या अंतराने ते देता येते. म्हणजे अडचण कायद्याची नाही, व्यवस्थेची आहे.

ब्रिटनमध्ये नेहमीच्या औषधांची मागणी दवाखान्यात आधी कळवतात आणि ठरल्या दिवशी तयार पुडके घेऊन जातात. खेड्यात औषधाचे दुकान मैलाहून लांब असेल, तर काही ठिकाणी दवाखान्यातूनच औषध मिळते.

आपल्याकडे दवाखान्यापासून दूर राहणाऱ्या निवृत्तांसाठी वैद्यकीय भत्ता आहे. डिसेंबर १९९७ पासून तो महिना १०० रुपये होता, जुलै २०१७ पासून १००० रुपये झाला. रोज इन्सुलिन घेणाऱ्याला तो किती पुरतो, ते त्याच्या घरच्यांना विचारा.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. प्रकृती स्थिर असलेल्यांना तीन महिन्यांची चिठ्ठी द्या. मागणी आधी नोंदवून घ्या. अधिकारपत्र दाखवणाऱ्या नातेवाइकाच्या किंवा सहकाऱ्याच्या हाती औषध द्या. नियम कन्नडबरोबर मराठीतही फलकावर लावा. तपासणी टाळा, असे आम्ही म्हणत नाही. ठरल्या मुदतीत तपासणी झालीच पाहिजे. पण तपासणीची रांग वेगळी, गोळीची रांग वेगळी.

आणि मागणी मान्य होईपर्यंत हात बांधून बसायचे नाही. प्रत्येक शाखेने आपल्या निवृत्तांची यादी करावी. कोणाची गोळी कधी संपते, ते वहीत लिहावे. दवाखान्याकडे जाणाऱ्याने शेजाऱ्याला आधी विचारावे. रात्रपाळीत एकमेकांची ड्यूटी सांभाळणारे आपण. एक पुडके पोहोचवणे आपल्याला जड नाही.

कामगार एकजुटीचा विजय असो!