फुप्फुसाची तपासणी कोणी करावी?

(विहारात झालेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या वस्तीतले एक काका मागच्या वर्षी छातीचा फोटो काढून आले. फोटो साफ निघाला. त्या आनंदात त्यांनी विहाराच्या कोपऱ्यावरच बिडी शिलगावली आणि म्हणाले, "आता वर्षभर चिंता नाही." आम्ही हसलो. ते हसणे नंतर आम्हांला बोचत राहिले, म्हणून आज हा विषय घेतला.

साध्या फोटोची तपासणी या कर्करोगाचे मृत्यू कमी करीत नाही, हे अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत २०११ साली दिसून आले. त्याच वर्षी तेथीलच दुसऱ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीत वर्षानुवर्षे भरपूर सिगारेट ओढलेले, ५५ ते ७४ वयाचे ५३ हजारांवर लोक होते. निम्म्यांचा साधा फोटो काढला, निम्म्यांचा कमी किरणांचा सी.टी. स्कॅन, दरवर्षी एक, असे तीन वेळा. साधारण साडेसहा वर्षांत फोटोच्या गटात ४४३ जण फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले, स्कॅनच्या गटात ३५६. यालाच वीस टक्के घट म्हणतात, आणि ते खरे आहे. पण आम्ही बँकेत आकडेमोड करणारे. आम्ही हजारी हिशेब मांडला. तो आला हजारी सुमारे तीन जीव. तीन म्हणजे तीन घरे, हे विसरू नये.

आता खर्चाची बाजू पाहा. स्कॅन झालेल्या शंभरांपैकी सुमारे ३९ जणांना तीन वर्षांत केव्हा ना केव्हा 'संशयास्पद' असा निकाल हाती पडला. आणि अशा शंभर निकालांपैकी ९६ कर्करोगाचे नव्हतेच. दरम्यान पुन्हा स्कॅन, काहींना सुईने तुकडा काढणे, आणि घरात कोणाला झोप नाही. आपल्याकडे तर जुन्या क्षयाचे व्रण अनेकांच्या छातीत असतात. तेही स्कॅनमध्ये शंका उभी करतात. शिवाय या तपासणीसाठी आपल्याकडे राष्ट्रीय कार्यक्रम नाही. पैसा बहुधा खिशातूनच जातो.

मग करावी कोणी? अमेरिकेतील २०२१ च्या शिफारशीनुसार वय ५० ते ८०, रोज २० सिगारेटचे एक पाकीट अशी किमान २० वर्षे (किंवा अर्धे पाकीट ४० वर्षे), आणि अजून ओढणारा किंवा सोडून १५ वर्षे न झालेला. बिडीच्या बंडलाला हे गणित सरळ लागू पडत नाही. ते डॉक्टरांपुढे मांडूनच ठरवावे लागते. आणखी एक प्रश्न आधी विचारावा : गाठ निघालीच तर शस्त्रक्रिया झेपेल का, करून घ्यायची तयारी आहे का? नसेल तर स्कॅनचा उपयोग थोडाच.

हे सारे खोकला नसलेल्या, धडधाकट माणसासाठी. दोन आठवडे खोकला हटत नसेल, थुंकीत रक्त दिसत असेल, वजन उतरत असेल, तर तो तपासणीच्या निवडीचा प्रश्नच नव्हे. सरळ दवाखाना गाठावा, थुंकी तपासून घ्यावी. येथे आम्हांला आपल्याच मंडळींविषयी एक कटू गोष्ट सांगायची आहे. बिडी ओढणाऱ्याकडे आपण शील मोडल्यासारखे पाहतो. मग तो बिडी लपवतो, आणि बिडीबरोबर खोकलाही लपवतो.

तथागतांनी केसपुत्तच्या कालामांना सांगितले, की केवळ ऐकीव म्हणून काही स्वीकारू नका. मुलगा रडतो म्हणून स्कॅन, शेजारी हसतो म्हणून नको, ही दोन्ही ऐकीवच झाली. वरचे आकडे आम्ही काकांना कागदावर लिहून दिले. त्यांनी विचारले, "त्या तिघांत माझा नंबर लागेल का?" ते कोणालाच सांगता येत नाही, एवढेच आम्ही म्हणालो. त्यांना तरुणपणी क्षय झालेला आहे. मुलाला स्कॅन लगेच हवा आहे आणि आकडे दाखवले म्हणून तो आमच्यावर नाराज आहे. काकांचे अजून ठरलेले नाही. कागद घडी करून खिशात आहे.

बिडी सोडण्याचा फायदा मात्र स्कॅन करा वा न करा, मिळतोच. त्यासाठी सरकारचा मोफत दूरध्वनी आहे : १८००-११-२३५६. काकांनी तो क्रमांक त्याच कागदाच्या मागे लिहून घेतला आहे.

जयभीम.