टॅपेटचा आवाज

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला कॉम्प्युटरवर दहा मिनिटं बोलायला सांगितलं होतं. पण सकाळी शाळेच्या फाटकाशी सहा बुलेट उभ्या दिसल्या. त्यातली एक टकटक वाजत आली आणि तिचा मालक, आपल्याच वर्गातला, मला म्हणाला, "उद्या परभणीला जाऊन टॅपेट टाईट करून आणतो." गाडी 2014 ची. त्या गाडीत टाईट करायला काही नाहीच! म्हणून विषय बदलते. सर, माफ करा.

आमच्या अण्णांची बुलेट तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. बिडाच्या सिलिंडरची, जुनी 350. जिंतूर रस्त्यावरून ती येताना घरी आईला आवाजावरून कळायचं आणि ती चहाचं आधण ठेवायची. त्या इंजिनात उजव्या बाजूला, सिलिंडरच्या बुडाशी, एका नटाने धरलेलं छोटं झाकण असतं. ते काढलं की दोन पुशरॉडची खालची टोकं दिसतात. रविवारी सकाळी, इंजिन गार असताना, अण्णा प्लग काढायचे, भोकावर अंगठा ठेवायचे आणि किक हाताने हळूहळू दाबायचे. हवा अंगठ्याला ढकलू लागली की पिस्टन कॉम्प्रेशनच्या फेऱ्यात वर येतोय आणि दोन्ही व्हॉल्व्ह बंद आहेत, हे समजायचं. पिस्टन अगदी वर आणून थांबायचं. मग मला हाक. माझी बोटं बारीक, आत सहज जायची. पुशरॉड दोन बोटांत धरून फिरवायचा. तो मोकळा फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. फिलर गेज नाही, काही नाही. "फिरतोय का?" "फिरतोय." "हलतोय का?" "थोडा." की अण्णा पान्याने किंचित फिरवणार, चेक नट आवळणार आणि पुन्हा मला विचारणार, कारण नट आवळताना सेटिंग हमखास सरकतं.

सैल राहिला तर नुसता आवाज होतो. जास्त कसला तर आवाज बंद होतो, पण व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, कॉम्प्रेशन जातं आणि पुढे व्हॉल्व्ह जळतो. अण्णा म्हणायचे, बोलणाऱ्या टॅपेटला भिऊ नको, मुक्याला भी.

इंजिनिअरिंग झालं, पुण्यात नोकरी लागली आणि 2012 मध्ये मी स्वतःची क्लासिक 350 घेतली. तिच्यात इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच खोक्यात, आणि टॅपेट हायड्रोलिक. म्हणजे कॅम आणि पुशरॉड यांच्यामध्ये एक पिचकारीसारखी नळी. आत दट्ट्या, खाली स्प्रिंग आणि एक बारीक गोळीचा व्हॉल्व्ह. इंजिनचं तेल दाबाने आत येतं, दट्ट्या वर सरकतो आणि मधली फट भरून काढतो. कॅमने ढकललं की गोळी बसते, तेल कोंडलं जातं. कोंडलेलं तेल दबत नाही, त्यामुळे ती नळी लोखंडाच्या कांडीसारखी वागते. प्रत्येक फेऱ्याला सेटिंग आपोआप. आम्ही सॉफ्टवेअरवाले असंच करतो, सेटिंगचं बटण काढून टाकतो आणि लोकांना सांगतो की आता काळजी नको.

2020 च्या लॉकडाऊनमध्ये गाडी काही महिने उभी राहिली. नंतर चालू केली तर टकटक, आणि थांबेना. एका मेकॅनिकने टॅपेट कसायचे म्हणून पैसे सांगितले. मी म्हटलं, मीच करते. व्हिडिओ पाहिले, ते निघाले अमेरिकेतल्या जुन्या शेवरले व्ही-8 चे. त्या इंजिनात हायड्रोलिक टॅपेट असूनही नट असतो: पुशरॉडची ढिलाई जेमतेम संपेपर्यंत कसायचा आणि वर पाऊण ते एक फेरा द्यायचा, म्हणजे आतला दट्ट्या मध्यावर येतो. मी उत्साहाने हेडवरची दोन्ही झाकणं उघडली. नट नाही, स्क्रू नाही. इथे तो दाब पुशरॉडच्या लांबीनेच ठरलेला. पार्किंगमध्ये पाना हातात धरून पाऊण तास बसले होते.

शेवटी झरीला फोन लावला. अण्णांना तेव्हा ऐकू फार कमी यायचं. फोन इंजिनाजवळ धरून उपयोग नव्हता. आईने त्यांना ओरडून सांगितलं. त्यांनी हायड्रोलिक टॅपेट जन्मात पाहिला नव्हता. आईकडूनच उलट प्रश्न आला: "तेल कधी बदललं, विचारतायत."

बदललंच नव्हतं. इंजिनच्या उजव्या बाजूला गोल काच आहे, तिच्यात पातळी खालच्या खुणेच्याही खाली, आणि काढलं तर काळं पाणी. मी 15डब्ल्यू50 तेल आणि नवा फिल्टर घातला. सुरुवातीला आवाज होताच. गाडी हलक्या रेसवर ठेवली, थोड्या वेळात आवाज विरत गेला.

तेव्हा मित्रा, आधी ती काच बघ. बरेच दिवस उभ्या गाडीने सुरू होताना काही सेकंद टकटक केली तर काही बिघडलेलं नाही, टॅपेटमधलं तेल उतरलेलं असतं. ताजं तेल घालून, इंजिन गरम होऊनही आवाज राहिला तर टॅपेट बदलायचा, तो "कसून" देणाऱ्याला पैसे द्यायचे नाहीत. आणि ज्यांच्याकडे 2021 च्या सप्टेंबरनंतर आलेली नवी क्लासिक आहे, त्यांनी माझं हे भाषण विसरावं. कंपनीने त्या इंजिनात पुन्हा स्क्रू आणि चेक नट आणलाय. तिथे फिलर गेज लागतो.

अण्णा गेल्याला आता दोन वर्षं झाली. त्यांची बुलेट वाड्यात पोत्याखाली उभी आहे. उद्या सकाळी ती उघडणार आहे. माझी बोटं आता त्या झाकणातून जात नाहीत, म्हणून लेकीला आणलंय. ज्यांना बघायचंय त्यांनी सातच्या आत या. नंतर ऊन चढतं, आणि टॅपेट गार इंजिनावरच बघायचे असतात.