बाणासारखे चढणारे, घारीसारखे उतरणारे विमान
(प्राथमिक शिक्षकांच्या शिक्षण परिषदेतील व्याख्यान)



गोंदिया जिल्ह्यातील मुलांना विमान हे आता नवल राहिलेले नाही. बिरसीच्या विमानतळावरून उडणारी विमाने पाहतच आसपासच्या गावांतील मुले वाढतात. दिवाळीत हीच मुले बाण उडवितात. या दोन दृश्यांचा मेळ बालमनात सहज बसतो, आणि एखादा धीट विद्यार्थी आपल्या कागदी विमानास फटाक्यांतील दारू बांधण्याच्या खटपटीस लागतो. शिक्षकाची जबाबदारी येथूनच सुरू होते. फटाका फोडून काढलेली दारू घर्षणाने वा ठिणगीने क्षणात पेट घेते. तिच्यापायी बोटे आणि डोळे गमावण्याची पाळी येते. परवान्यावाचून स्फोटके तयार करणे हा १८८४ च्या स्फोटक कायद्यान्वये अपराधही आहे. परंतु केवळ ‘नको’ म्हटल्याने जिज्ञासा शमत नाही. ती आडवाटेने जाते. तिला वर्गात सन्मानाने आणून बसविणे, हाच तिच्यावरील उपाय होय.

त्या विद्यार्थ्याची कल्पना मुळात खुळी नाही. अग्निबाणाच्या जोराने वर चढावे आणि जोर संपताच पंखांवर तरंगत उतरावे, अशी विमाने जगातील हौशी मंडळी दीर्घकाळ तयार करीत आली आहेत. मात्र ती साधणे अवघड असते, कारण एकाच वस्तूला दोन परस्परविरोधी गुण अंगी बाणवावे लागतात. चढताना तिने वेगाने व सरळ जावे. उतरताना सावकाश व नाक किंचित वर धरून यावे. दिवाळीच्या बाणाला लांब काडी असते, म्हणून तो सरळ जातो. पण तो तरंगत नाही. कागदी विमान तरंगते; पण जोराने फेकल्यास गिरकी घेऊन डोक्यावर येते.

असे का व्हावे? वेग दुप्पट झाला की हवेचा दाब चौपट होतो. विमानाचे वजन मात्र तेवढेच राहते. सावकाश उडताना शेपटीचे जे वरचे वळण नाकाचा भार बरोबर पेलते, तेच वळण वेगात नाकाला चौपट जोराने वर ढकलते. हौशी कारागिरांनी यावर युक्ती योजिली. अग्निबाणाची नळी विमानाच्या नाकाशी सैल बसवावयाची. चढताना नाक जड राहते; इंधन संपताच नळी सुटून वेगळी पडते, तोलबिंदू मागे सरकतो आणि विमान तरंगू लागते.

आगीवाचून हाच पाठ शिकविता येतो. अग्निबाणाचे काम रबराच्या ताणाकडे सोपवावे. साहित्य गावातच मिळते. बुरडाकडील बांबूची २५ सेंटिमीटर लांब, हलकी, सरळ कामटी हा विमानाचा कणा. जाड चित्रकागदाचा २० सेंटिमीटर लांब व ५ सेंटिमीटर रुंद पंख. त्याची पुढची कड दुमडून चिकटवावी, म्हणजे तो वेगात वाकत नाही. दोन्ही टोके दोन-दोन सेंटिमीटर उचललेली असावीत. मागे ८ सेंटिमीटर लांब, ३ सेंटिमीटर रुंद आडवी शेपटी आणि एक लहान उभे पाते. नाकावर चिकणमाती अशी लावावी, की पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण तिसऱ्या हिश्श्यावर बोटांनी उचलले असता विमान समतोल राहील. माती वाळली की हलकी होते व तोल बिघडतो. म्हणून अखेरीस तिच्या जागी मेण बसवावे. नाकाखाली मागे कललेली खाच ठेवावी. वीतभर काठीला बांधलेले रबर त्या खाचेत अडकवून, विमानाची शेपूट धरून मागे ओढावे व सोडावे.

प्रथम विमान हातानेच अलगद सोडून पाहावे. ते नाक वर करून थबकत थबकत पडले, तर माती वाढवावी; सरळ खाली घुसले, तर शेपटीची मागची कड किंचित वर वळवावी. हे जमल्यावरच रबर ताणावे, तेही आधी थोडेसे. गिरकी आली की मुले हिरमुसतात, परंतु खरा पाठ त्याच क्षणी सुरू होतो. विमान एका कुशीवर कलते धरून सोडल्यास गिरकीचे रूपांतर मळसूत्री चढाईत होते. शिवाय शेपटीचे वळण थोडे कमी करून तितकीच माती काढावी. उतरणे तसेच राहते आणि गिरकी ओसरते. माती फारच कमी झाली, तर मात्र सूर मारलेले विमान सावरत नाही. आकाशात वजन बदलण्याची सोय येथे नसल्याने मधला बिंदू शोधावा लागतो. एका वेळी एकच बदल करावा व तो वहीत नोंदवावा, एवढी शिस्त शिक्षकाने कटाक्षाने पाळावी.

धान कापणीनंतर मोकळ्या झालेल्या बांध्या, सकाळची निवांत हवा आणि सोडणाऱ्याच्या मागे उभी असलेली सर्व मुले, असा हा वर्ग भरावा. विमानतळाच्या परिसरात आणि विजेच्या तारांजवळ हा खेळ नको.

मुलांना शेवटी हेही सांगावे, की याच कोड्याशी भारतातील शास्त्रज्ञही झुंजले आहेत. २३ मे २०१६ रोजी भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने श्रीहरिकोट्याहून एक सपंख यान अग्निबाणाच्या माथ्यावर बसवून सोडले. सुमारे ५६ किलोमीटर उंचीवर बाण गळून पडला, यान ६५ किलोमीटरपर्यंत चढले आणि पंखांवर तरंगत सुमारे ४५० किलोमीटरवर बंगालच्या उपसागरात उतरले. पुढे २ एप्रिल २०२३ रोजी अशाच सपंख यानाला हेलिकॉप्टरने सुमारे साडेचार किलोमीटर उंच नेऊन सोडले, तेव्हा ते चित्रदुर्गजवळील धावपट्टीवर आपले आपण उतरले. पहिली पायरी चढण्याची व दुसरी उतरण्याची. दोन पायऱ्यांमध्ये जवळजवळ सात वर्षे गेली.

ज्या विद्यार्थ्याच्या खिशात आज फटाक्याची दारू आहे, त्याच्या हाती उद्या कामटी आणि नोंदवही द्यावी. त्याचा प्रश्न खरा आहे. केवळ त्याचे साधन बदलावयाचे आहे.